सहा बोटं इरकल

मकबूल पिकोवाल्याचं दुकान म्हणजे दुकान म्हणायला जीभ रेटू नये असलं. कसब्यात तांबट आळीची ठोकठोक जिथं विरत जाते, त्या बोळात एका जिन्याखाली तो बसायचा. पुढं मशीन, मागं रिळांची फळी, आणि छत इतकं बुटकं की गिऱ्हाइकानं वाकूनच बोलावं. बायका पिशवीतून साडी काढायच्या, तो ती मांडीवर घ्यायचा, फॉल लावायचा, दोन्ही टोकांना पिको करायचा. पंचवीस वर्षांत कुणाच्या साडीला तेलाचा डाग पडला नाही की एकीची साडी दुसरीला गेली नाही. ‘मकबूलभाईंकडं टाकली ना, मग बघायला नको,’ असं बायका एकमेकींना सांगत. ते कानावर आलं की तो मान खाली घालून चाकाला तेल देत बसे. लोकांना वाटे, माणूस लाजाळू आहे.

लाजाळू कसला, चोर होता.

चोरी चार बोटांची. साडीचं जे टोक बाई कमरेत खोचते ते नेसल्यावर कुणाला दिसत नाही. पिको करण्याआधी तिथून चार बोटं रुंदीची पट्टी तो कातरीनं सरळ उतरवी आणि मग कड बांधून टाकी. एवढ्या लांब साडीत चार बोटं कोण मोजतं? त्या पट्ट्या शर्टाच्या आत, बनियनला चिकटून घरी जात. घरी पलंगाखाली पत्र्याची ट्रंक होती आणि ट्रंकेत बाहुल्या होत्या. एक्केचाळीस.

लहान पोरींच्या गुबगुबीत बाहुल्या नव्हेत. उंच, शेलाट्या, टाच उचलून उभ्या असल्यागत पावलं असलेल्या फॅशनच्या बाहुल्या. श्रीमंतांच्या मुलींचं खेळून झालं की त्या भंगारात जातात आणि भंगारातून नदीकाठच्या जुन्या बाजारात येतात. रविवारी सकाळी मकबूल तिथं स्क्रू-पान्यांच्या ढिगाऱ्यातून त्या वेचून काढी. कुणाच्या केसांचा काथ्या झालेला, कुणाचा पाय कुत्र्यानं चावलेला, कुणाला पोरांनी बॉलपेननं मिशा काढलेल्या. घरी आणून तो त्यांना न्हाऊ घाली. केस टोकाकडून वर विंचरत जाई, रिकाम्या रिफिलींवर गुंडाळून गरम पाण्यात बुडवी, म्हणजे वाळल्यावर कुरळे होत. नेलपॉलिश पुसायच्या औषधानं जुना चेहरा पुसून टाकी आणि चार केसांच्या ब्रशानं नवे डोळे काढी. आणि मग कपडे. तरुणपणी तो एका दुकानात बँडवाल्यांचे जरीचे कोट शिवायचा. ताठ कॉलर, फुगीर खांदा, सगळं हाताखालून गेलेलं. ते दुकान बंद पडलं आणि नशिबी पिको आला. पिको म्हणजे आयुष्यभर एकच रेघ मारत बसायचं. बाही, गळा, चुणी, हे सगळं आता त्या अकरा इंची बायांच्याच अंगावर उरलं होतं.

हे एकट्या बिलकिसला ठाऊक होतं, त्याच्या बायकोला.

“नमाजाच्या खोलीत त्या आणायच्या नाहीत,” असं तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. “आणि कोणी पाहुणा आला तर ट्रंकेत गाद्या आहेत म्हणून सांगायचं. मला सोयऱ्यांत तोंड दाखवायचंय.” मधूनच ती दारातून डोकावून म्हणे, “झाली का हो पाहुणीची वेणीफणी? नसली तर चहा थांबवते.” कापड कुठून येतं हे तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, दुकानातलं कातरण. ते तिनं मान्य केलं होतं.

आता सोजरबाईंची गोष्ट. सोजरबाई मुंढव्याच्या. गाव शहरात येऊन दहाएक वर्षं झालेली, अर्ध्या रानात बिल्डिंगी उभ्या राहिलेल्या, पण बाईंचं नऊवारी आणि बोलणं सुटलेलं नव्हतं. बस बदलून त्या मकबूलकडं यायच्या आणि येताना आपल्या आळीतल्या चार जणींच्या साड्या आणायच्या.

त्या दिवशी त्यांनी पिशवीतून तीन घड्या काढल्या. डाळिंबी इरकल, गोमीच्या नक्षीचे काठ, धुऊन धुऊन रंग आत मुरलेला.

“आईचं लुगडं हाय,” त्या म्हणाल्या. “म्हातारी गेली गेल्या साली. आमी तिघी भनी. तिघींनी एकेक गोधडी शिवायची आन् वरचा थर ह्या लुगड्याचा घ्यायचा, असं ठरलंय. समान हात मोजून कापलं. पदराकडचा तुकडा थोरली म्हणून मला दिला. कडंचं सूत सुटाया लागलंय, तेवढं पिको करून द्या. वर्साच्या दिवशी तिघी मिळून गोधड्या घालायला बसणार हाय.”

“जुनेराला पिको कशाला ताई? नुसती दुमड घातली तरी चालेल.”

“न्हाय. तुमच्या हातनंच पायजे.”

त्या गेल्यावर मकबूलनं तुकडा मांडीवर पसरला आणि त्याचा हात तिथंच राहिला. हात राहण्याचं कारण फक्त बाहुल्या नेसवणाऱ्यालाच कळावं. नवं कापड बाहुलीच्या अंगावर बसत नाही. कितीही मऊ घ्या, निऱ्या छत्रीसारख्या फुगतात, कासोटा उभाच राहतो. नऊवारी नेसवायचा त्यानं सात-आठदा प्रयत्न केला होता आणि दर वेळी ती तमाशातली सोंगं झाली होती. हे कापड तसं नव्हतं. चाळीस वर्षं एका बाईच्या अंगावर वागलेलं, वाकलेलं, उसाच्या फडात घामेजलेलं. बोटावरून सोडलं की पाण्यासारखं खाली येत होतं.

त्याचे नियम होते. पदराला कातर लावायची नाही. जुन्या कपड्याला लावायची नाही. चार बोटांच्या वर जायचं नाही. दुपारी दोनच्या सुमाराला, बोळात कुणी नसताना, त्यानं त्यातले दोन नियम मोडले. पट्टी सहा बोटांची उतरवली, कारण चार बोटांच्या दोन पट्ट्या जोडून बाहुलीच्या कमरेपासून पावलापर्यंत पोचत नव्हतं. दोन तुकड्यांतून एकेक घेतली. तिसऱ्याला, पदराच्या तुकड्याला, हात लावला नाही. एवढा तरी नियम आपण पाळला, म्हणून त्याला त्यातल्या त्यात बरंही वाटलं.

ती बाहुली मात्र बाहुली राहिली नाही. जोड निऱ्यांत गडप झाला, गोमीचा काठ पदराच्या जागी आला, कासोटा बसला तो असा की आता ही बाई खुरपं घेऊन रानाकडं चालू लागेल. केस मागं ओढून त्यानं अंबाडा घातला. बिलकिस चहा घेऊन आली ती बघतच राहिली. कप ठेवून गेली.

तुकडे घेऊन गेल्या त्यावर महिन्याभरानं सोजरबाई पुन्हा आल्या. हातात पिशवी नव्हती. जिन्याच्या पायरीवर बसल्या.

“मकबूलभाई, भनी बोलत न्हाईत माझ्याशी.”

“काय झालं?”

“तुकडं शेजारी शेजारी मांडलं. माझा लांब, त्या दोघींचं आखूड. सहा-सहा बोटं. बायडा सगळ्यांत धाकटी, तिची जीभ तुमाला म्हाईत न्हाय. म्हणाली, पदर बी तुलाच आन् वर आमच्यातलं बी कातरून घेतलंस का? पिकोला तूच घेऊन गेलीवतीस. मधली आनंदी नुसती रडली. आता वर्साला माझ्या दारात पाय ठेवनार न्हाईत म्हणं.”

मकबूलनं कातर रिळांमागं सरकवली. “पिकोवाल्यानं कापलं असेल, असं नाही का म्हणाल्या?”

“मीच म्हणाले की तसं. तर बायडा म्हणती, पिकोवाला जुनेर कापून काय त्याचं कफन शिवनार हाय? त्याच्या पायाशी रोज नवंकोरं पडतंय.” सोजरबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. “तिचं बी खरंच हाय म्हणा. तुमी एवढंच करा. मी फोन लावून देते. मी तीन तुकडं समान आनलं व्हतं, एवढं सांगा. तुमचा शब्द त्या मानतील.”

नको म्हणायच्या आत फोन त्याच्या कानाला लागला.

“ताईंनी कापलं नाही,” तो म्हणाला. “तुकडे समान होते.”

“मग आखूड कशानं झालं?” पलीकडून बायडाबाईंचा आवाज.

खरं सांगायची जागा हीच होती. जिभेवर आलंही होतं. पण समोर सोजरबाई त्याच्याकडं अशा बघत होत्या, जणू कोर्टात त्यांचा वकील उभा राहिलाय.

“मशीनमध्ये अडकलं. दात्यांत फाटलं. मग सरळ करावं लागलं.”

“दोन्ही तुकडं फाटलं? दोन्ही सहा-सहाच बोटं? आन् थोरलीचा तेवढा न्हाय फाटला? शानी हाय बरं तुमची मशीन. काय काय बोलायचं ते थोरलीनंच शिकवलं का?”

फोन कट झाला.

सोजरबाईंनी फोन पदराच्या गाठीत नीट ठेवला. मग हळू आवाजात म्हणाल्या, “माझ्यासाठी खोटं बोलला तुमी. मन मोठं हाय तुमचं. पर नको व्हतं बोलायला. आता तर त्यांची खात्रीच पटली.”

त्या उठून गेल्या. मकबूल पाय पायपट्टीवर ठेवून तसाच बसला. एक बाई साडी घेऊन आली, तिला म्हणाला, आज बंद आहे. मशीन चालू, दिवा चालू, आणि म्हणे बंद आहे.

घरी गेल्यावर त्यानं बिलकिसला सगळं सांगितलं. पंचवीस वर्षांतलं सगळं, बनियनला चिकटलेल्या पट्ट्यांसकट. ती तांदूळ निवडत होती. ताट बाजूला सारून म्हणाली, “बाहुल्यांची लाज वाटायची मला. उगाच वाटायची. लाजेची गोष्ट तर शर्टाच्या आत होती.” थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, “त्या बाईच्या घरी जा. आणि ती बाहुली घेऊन जा. नुसतं तोंडानं सांगाल तर परत मशीनमध्येच अडकेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मुंढव्याला पोचला. सोजरबाईंना त्यानं फोन करून दोघी बहिणींना बोलवायला सांगितलं होतं. काम काय ते सांगितलं नव्हतं; पिकोवाला स्वतः येतोय म्हटल्यावर त्या आल्या होत्या. बंगल्याच्या पुढं जुना ओटा शिल्लक होता, त्यावर तिघी बसल्या होत्या, पण मध्ये हातभर अंतर सोडून. बायडाबाई घड्याळ बघत होत्या.

मकबूलनं पिशवीतून वर्तमानपत्राची गुंडाळी काढली, उलगडली आणि बाहुली ओट्यावर ठेवली.

सगळ्यात आधी आनंदीबाईंनी ओळखलं. “ह्यो आईचा काठ हाय,” त्या म्हणाल्या.

“मी कापलं,” मकबूल म्हणाला. “ताईंना माहीत नाही. दोन तुकड्यांतनं. पदराला मी कातर लावत नाही, म्हणून ताईंचा तुकडा पुरा राहिला.”

गोठ्याच्या जागी झालेल्या गॅरेजमध्ये कुणीतरी गाडी धूत होतं, त्याचं पाणी ओट्यापाशी येत होतं.

“कशाला?” सोजरबाई म्हणाल्या.

“हिला नेसवायला.”

“कुनासाठी करता? नातीसाठी?”

खोटं बोलायची आयती सोय होती. तो म्हणाला, “नाही. मलाच. मला आवडतं. हिच्यासकट एक्केचाळीस आहेत.”

बायडाबाईंनी तोंडावर पदर धरला. सोजरबाईंच्या चेहऱ्यावर मात्र राग येण्याआधी दुसरंच काहीतरी आलं. आपण ज्याच्या हाती विश्वासानं वस्तू दिली तो माणूस आपल्याला कधी दिसलाच नव्हता, हे कळल्यावर येतं तसलं. “माझ्या सांगण्यावरनं आळीतल्या चार जणी तुमाला साड्या देत्यात,” त्या म्हणाल्या. “त्यांच्यातलं बी घेतलं?”

“घेतलं.”

“काल माझ्यापुढं बसून फोनवर बोललात. मी म्हणलं, केवढं मन मोठं.”

सोजरबाईंनी बाहुलीकडं बोट केलं. “सोडा ते लुगडं. आत्ता, हितं.”

लुगडं सोडायचं म्हणजे त्यालाच सोडायला लागणार होतं. टाचण्या कुठं आहेत ते दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. तीन बायकांसमोर तो उकिडवा बसला. आधी पदर काढला, मग कासोटा, मग एकेक निरी. टाचणी दोनदा अंगठ्यात शिरली. लुगडं सुटलं आणि बाहुली ओट्यावर उघडी पडली, नुसतं प्लास्टिक. त्याला ते बघवेना. खिशातून रुमाल काढून तो तिच्यावर घालायला गेला आणि हात चुकून रुमाल खाली ओल्यात पडला. तो उचलून, झटकून, त्यानं तसाच ओला रुमाल तिच्याभोवती गुंडाळला.

तेवढ्यावर बायडाबाईंना हसू फुटलं. “अगं बाई, लाजतोय गं तिला.” आनंदीबाई नको नको म्हणत हसायला लागल्या. आणि सोजरबाई, ज्या इतके दिवस बहिणींच्या तोंडाकडं बघू शकल्या नव्हत्या, त्यांचेही खांदे हलायला लागले. हसता हसता बायडाबाई थोरलीच्या अंगावर कलल्या आणि मधलं हातभर अंतर मिटलं.

मकबूलनं जोडाची शिवण उसवली आणि दोन पट्ट्या वेगळ्या करून ठेवल्या. “मी जोडून देतो. दिसणार नाही असा जोड.”

“आता हात लावू नका,” सोजरबाई म्हणाल्या. हसू थांबलं होतं. “आमचं आमी जोडू. दिसला तर दिसू दे.”

तो उठला आणि निघाला. बस थांब्यावर शाळेची पोरं, भाजीवाल्या, कामावर निघालेले लोक होते. बस वळणावर दिसली तेवढ्यात मागून हाक आली. बायडाबाई चपला न घालताच धावत आल्या होत्या.

“ओ पिकोवालं, ही ऱ्हायली की तुमची.”

त्यांनी ओल्या रुमालातली बाहुली पुढं केली. सगळा थांबा बघत होता. पिशवी ओट्यावरच राहिली होती. मकबूलनं बाहुली दोन्ही हातांनी घेतली, आणि शर्टात न घालता तशीच धरून बसमध्ये चढला. कंडक्टरनं विचारलं, कुठं. तो म्हणाला, कसबा. सगळ्या वाटेवर मग त्यानं खिडकीबाहेर पाहिलं नाही की आतल्या लोकांकडंही, हातातल्या बाहुलीकडं बघत राहिला.