त्रास : निरंक

ठाण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या संशोधन विभागात मी काम करते. संशोधन म्हटलं की लोकांना पांढरे उंदीर आणि काचेच्या नळ्या आठवतात. आमच्याकडे लोखंडी कपाटं आहेत. जिन्याखालच्या खोलीत चार कपाटं, एक टेबल आणि समोरासमोर दोन खुर्च्या, एक माझी आणि एक पेशंटची. नवी गोळी जुन्या गोळीपेक्षा बरी आहे का, हे माणसांवरच बघावं लागतं आणि ते बघण्याचं काम बहुतेक कागदावर चालतं. डॉक्टर तपासतात, सह्या करतात. मधलं सगळं माझ्याकडे. माझ्या पदाला समन्वयक म्हणतात. ठाकुर्लीला घरी आईला मी नक्की काय करते ते अजून कळलेलं नाही. ती शेजारणींना ‘डॉक्टरांच्या हाताखाली असते’ एवढंच सांगते आणि मीही समजावण्याचा नाद सोडला आहे.

ज्या अभ्यासाबद्दल सांगते आहे तो ब्लडप्रेशरच्या गोळीचा होता, दीड वर्षाचा. काहींना नवी गोळी, काहींना जुनी. दोन्ही दिसायला सारख्या. कोणाला कुठली मिळते हे पेशंटला माहीत नसतं, डॉक्टरांना नसतं आणि मलाही नसतं. प्रत्येकाने घरी सकाळ-संध्याकाळ ब्लडप्रेशर मोजून आम्ही दिलेल्या वहीत लिहायचं. शेवटचा रकाना ‘त्रास’. डोकं दुखलं, मळमळलं, काहीही झालं तरी तिथे लिहायचं. कागदावर नसलेली गोष्ट आमच्या लेखी घडलेलीच नसते.

डोंबिवलीचे एक काका या अभ्यासात आले, तेव्हा सत्तरीला टेकले होते. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी स्टोअरकीपर म्हणून काढली होती. संमतिपत्र लोक सहसा माझ्यासमोर वरवर चाळतात आणि ‘कुठे सही करू?’ म्हणतात. काका ते घरी घेऊन गेले आणि तिसऱ्या दिवशी पेन्सिलीच्या खुणा करून परत आले.

“यात दोन ठिकाणी वाक्य अर्धवट आहे,” ते म्हणाले. “आणि एक विचारायचं होतं. मला मध्येच काढून टाकणार नाही ना? मी घेतलेलं काम अर्धवट सोडत नाही. दीड वर्ष म्हणजे दीड वर्ष.”

हे काम नाही, तुम्ही कधीही बाहेर पडू शकता, असं मी नियमाप्रमाणे सांगितलं. लहान मुलाच्या बोलण्याला मान डोलवावी तशी त्यांनी डोलवली. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती आणि आता कोणीतरी त्यांच्याकडून रोजची नोंद मागत होतं. त्यांना ती एकही दिवस न चुकवता शेवटपर्यंत द्यायची होती. एवढं त्या पहिल्याच भेटीत मला कळलं होतं.

वहीचे नियम मी सगळ्यांना एकाच सुरात सांगते. निळं पेन. खाडाखोड नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ, शेजारी सही आणि तारीख. काका खूश झाले. “आमच्या स्टोअरमध्ये अगदी हेच. खाडाखोड झाली की साहेबांची सही आणावी लागायची. म्हणून आम्ही आधी कच्चं लिहायचो.” मी हसले आणि त्यांना वही दिली. त्या वाक्याकडे तेव्हाच लक्ष द्यायला हवं होतं, कारण आमच्याकडे कच्चं-पक्कं असं काही नसतं. जे पहिल्यांदा लिहिलं तेच खरं.

महिन्याने काका वही घेऊन आले आणि मी बघतच राहिले. आकडे एकाखाली एक, ओळंबा लावल्यासारखे. कुठे डाग नाही, रेघ नाही. आणि ‘त्रास’च्या रकान्यात रोज एकच शब्द, वळणदार अक्षरात: निरंक. हा सरकारी कागदावरचा शब्द मी कितीतरी वर्षांनी पाहत होते. काही नाही, शून्य, सांगण्यासारखं काही नाही.

मला त्या वहीची भुरळ पडली, हे कबूल करते. आमच्याकडे येणाऱ्या वह्या कशा असतात ते सांगितलं तरच हे कळेल. ठाण्याच्या पुढच्या दिव्याहून एक बाई यायच्या. त्यांच्या वहीला हळद लागलेली, पानं पाण्याने फुगलेली, मधले दिवस कोरे. “पाणी आलेलं मॅडम, मग लाईन सोडून कुठे लिहीत बसू?” ‘त्रास’मध्ये कधी ‘डोकं गरगरलं, खाली बसले’, कधी ‘सासूशी वाजलं’. दर महिन्याला गोळी बनवणाऱ्या कंपनीकडून एक मुलगी सगळे कागद तपासायला यायची आणि दिव्याची वही उघडली की आमचा सगळा दिवस त्यात जायचा. काकांच्या वहीला पाच मिनिटं. “मॅम, हे काका काय भारी आहेत! एकदम क्लीन. सगळे असे असते ना, तर मी लंचच्या आधी निघाले असते.”

मग मी एक गोष्ट करायला लागले. दोघांची तारीख एकाच दिवशी आली की दिव्याच्या बाईंसमोर काकांची वही धरायची. “हे बघा. याला वही म्हणतात.” बाई बघायच्या आणि आपली वही पिशवीत टाकायच्या. काका नको-नको म्हणायचे, पण चेहरा खुलायचा. शेवटी मी विचारायचे, “बाकी सगळं छान ना, काका?” काका म्हणायचे, “उत्तम.” मी लिहायचे.

असे दहा महिने गेले. एका मंगळवारी दुपारी त्यांच्या पत्नीचा फोन आला. पेशंटकडे आमचं एक कार्ड असतं, त्यावर माझा नंबर असतो.

“हे पडले. सकाळी बाथरूममधून बाहेर येताना. मनगट मोडलंय, कपाळाला टाके पडलेत. इथे जवळच्याच नर्सिंग होममध्ये ठेवलंय आजची रात्र.”

पेशंट ॲडमिट झाला की घड्याळ सुरू होतं. चोवीस तासांत कळवायचं, एक लांबलचक फॉर्म भरायचा. मी पेन घेतलं. किती वाजता, कुठे, शुद्ध गेली होती का, गोळी घेऊन किती वेळ झाला होता. आणि शेवटी, “यापूर्वी कधी चक्कर वगैरे?”

“यापूर्वी म्हणजे? दिवाळीपासून चालू आहे की.”

“वहीत नाहीये.”

“वहीचं मला नका विचारू. माझं कॅलेंडरवर आहे.”

आमच्या डॉक्टरांनी त्याच तासाला गोळी बंद करायला सांगितलं आणि मला म्हणाले, “घरी जाऊन ते कॅलेंडर बघून ये.” दुसऱ्या दिवशी काका घरी आल्यावर मी डोंबिवलीला गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही, दारात चपलांचा स्टँड, आत सगळं जागच्या जागी. काका खुर्चीत बसले होते. हात प्लास्टरमध्ये, कपाळावर पट्टी, अंगात तरीही इस्त्रीचा शर्ट.

कॅलेंडर स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला टांगलेलं होतं. मराठी घरात असतं तसंच. चौकोनाचौकोनात काकूंचं बारीक अक्षर: दूध एक पिशवी जास्त. गॅस लावला. बाई नाही. आणि काही चौकोनांच्या कोपऱ्यात लाल पेनने एक ‘च’.

“चक्करचा च,” काकू हळू आवाजात म्हणाल्या. “अख्खा शब्द लिहिला असता तर ह्यांनी वाचला असता.”

मी पानं उलटत मागे गेले, त्याच खिळ्याला मागे राहिलेल्या गेल्या वर्षीच्या कॅलेंडरपर्यंत. ‘च’ नोव्हेंबरात एक-दोन, डिसेंबरात जास्त, गेल्या महिन्यात तर एका आठवड्यात तीन. मी प्रत्येक पानाचा फोटो काढला. मग वही शेजारी ठेवून तारखा लावल्या. प्रत्येक ‘च’समोर वहीत निरंक होतं.

“काका, तुम्ही रोज लिहीत होता ना?”

“रोज. कच्च्या वहीत. रविवारी पक्कं उतरवायचो.”

“कच्ची वही कुठे आहे?”

“फाडून टाकली. पक्कं झाल्यावर कच्चं ठेवायचं नसतं.”

“कच्च्यात चक्कर लिहिली होती?”

त्यांनी काकूंकडे पाहिलं. “लिहिली होती. उतरवताना वाटलं, तुम्ही सगळे एवढं प्रेमाने विचारता. माझी वही चारचौघांत दाखवता. तिथे काय लिहायचं, की सकाळी उठलो आणि भिंत धरली? बरं दिसतं का ते? या वयात थोडंफार व्हायचंच. त्या दिवशी पडलो ना, तेव्हा तर मला...”

“गोळी घेऊन किती वेळ झाला होता?” मी विचारलं.

“अर्धा तास असेल.”

मी ते लिहून घेतलं. काकूंनी कोकम सरबत दिलं, ते पिऊन मी निघाले. जिन्यात मला राग आला होता, काकांचा. दहा महिन्यांच्या नोंदी पाण्यात गेल्या होत्या. एवढा शहाणा माणूस आणि असं कसं वागतो, हाच विचार ठाण्यापर्यंत डोक्यात होता.

ऑफिसात येऊन फॉर्म पुरा केला. ‘पूर्वीचा त्रास नोंदीत का आला नाही’ असा एक प्रश्न होता. त्यापुढे मी लिहिलं: रुग्णाने त्रास कळवला नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात मी बाकीच्या सगळ्या पेशंटना फोन केले. या वेळी ‘सगळं छान ना’ असं विचारलं नाही. उठताना कशाला तरी धरावं लागतं का, असं विचारलं. आणखी दोघांनी हो म्हटलं. दोघांच्याही वह्या स्वच्छ होत्या. मग दिव्याच्या बाईंची फाईल काढली. ‘डोकं गरगरलं’ त्यांनी चार वेळा लिहिलं होतं आणि चारही वेळा त्यापुढे मी शेरा मारला होता, ‘पाण्यासाठी जागरण’. सगळ्या अभ्यासात धड वही एकच होती, हळदीची. हे कळल्यावर मला स्वतःची लाज वाटली, आणि ती लगेच गेली नाही. हे सगळं आम्ही वर कळवलं. कंपनीने सर्व पेशंटची पुन्हा तपासणी करायला सांगितली.

काका महिन्याने आले. हात गळ्यात, सोबत काकू. अभ्यासातून त्यांचं नाव काढल्याच्या कागदावर सही हवी होती. काकू बाहेर बाकावर बसल्या.

“म्हणजे मी बाहेर,” काका म्हणाले.

“गोळी तुम्हाला सोसत नाहीये, काका. पुन्हा देता येणार नाही.”

“आठ महिनेच राहिले होते.” ते टेबलाकडे बघत होते. “माझ्याबद्दल काय लिहिलंय ते वाचू शकतो?”

तो त्यांचा हक्क होता. मी फॉर्म पुढे केला. ते वाचत गेले आणि त्या ओळीवर थांबले. “रुग्णाने त्रास कळवला नाही,” त्यांनी मोठ्याने वाचलं. “बरोबर आहे. नाहीच कळवला.” मग चष्मा काढला. “एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझ्यावर असा शेरा कधी नव्हता.”

मी फॉर्म परत घेतला आणि त्याच ओळीखाली लिहिलं: समन्वयकाने नीटनेटक्या वहीचे वारंवार कौतुक केले. त्रासाबद्दल रुग्णाला नीट विचारले नाही. खाली सही केली, तारीख घातली आणि त्यांना दाखवलं.

काका घाबरले. “अहो, हे कशाला? हे काढा. तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे.”

“काढता येत नाही.”

“एक रेघ मारायची, सही करायची. नियम आहे ना?”

“चुकलं असेल तर. हे चुकलेलं नाही.”

त्यांनी डाव्या हाताने सही करायचा प्रयत्न केला, अक्षर वाकडं आलं. नवा कागद मागतील असं मला वाटलं, पण त्यांनी तो तसाच माझ्याकडे सरकवला.

“मग आता लिहिताच आहात तर एक सांगू का?” ते म्हणाले. “राग मानू नका.”

“सांगा.”

“त्या दिवशी तुम्ही घरी आलात. कॅलेंडरची पानं मोजलीत, फोटो काढलेत. गोळी कधी घेतली, कुठे पडलो, सगळं विचारलंत. मला कसं वाटतंय, ते नाही विचारलंत.”

मी आठवून पाहिलं. सरबत आठवलं, तारखा आठवल्या, कपाळावरची पट्टीसुद्धा आठवली. विचारल्याचं आठवेना, कारण विचारलंच नव्हतं.

“कसं वाटतंय, काका?” मी म्हटलं.

“भीती वाटते,” ते म्हणाले. “बाथरूमला जायची. हिला सांगितलेलं नाही.” आणि मग ते बराच वेळ बोलत राहिले, आणि मी पेन हातात घेतलं नाही.