गणपतीच्या रजेची फाइल

विक्रोळीच्या आमच्या कारखान्यात मेनफ्रेमवरच्या डेटाबेसची सफाई चालली होती. सहा महिने न उघडलेल्या फायली पुसायच्या आज्ञा एक प्रोग्रामच तयार करायचा. मी त्या छापून ओळन्‌ओळ वाचल्या. त्यात गणपतीच्या रजेची फाइल पुसायची ओळही सापडली. यंदा गावी जायची पाळी कुणाची, हे सांगणारी ती फाइल वर्षातून एकदाच उघडायची.

"मशीनने काढलंय ना? चालव," साहेब म्हणाले.

"नाही चालवणार. अख्खं कोकण आहे त्यात."

"मला शिकवतेस?"

माझं डोकं फिरलं. कागदावरच्या त्या ओळीवर बोट ठेवून पेन पुढे केलं. "मग सही करा, आणि खाली कामगारांना तुम्हीच सांगा."

साहेबांनी ती ओळ खोडली, पण खोडलेल्यापाशी सही माझीच मागितली.

केली. चांगली पूर्ण नावानिशी.