निळ्या फळ्यांचं दार

बाबलीच्या आगरात त्रेचाळीस माड होते. एकोणसाठ सालची दिवाळी उलटली आणि समुद्राकडून वादळ आलं, ते एका दुपारीत त्यातले छत्तीस आडवे करून गेलं. नवा माड लावावा, तर त्याला नारळ धरायला सात-आठ वर्षं. घराची कौलं उडाली, पुढचं दार बिजागऱ्यांसकट गेलं. बायको मथुरा आणि म्हातारी आई उघड्या घरात बसून होत्या. लाकूड मागावं कुणाकडे? सगळ्या वाडीची तीच गत.

चौथ्या दिवशी सकाळी खाडीच्या तोंडाशी त्याला होडीचा एक मोठा तुकडा सापडला. चार फळ्या अजून एकमेकींना धरून होत्या. वर निळा रंग, पांढरं कमळ. असं कमळ वाडीत एकट्या गुरुदासाच्या होडीवर होतं. वादळाच्या दिवशी तो आणि त्याचा धाकटा भाऊ मासेमारीला गेले, ते परतलेच नव्हते. वाहून आलेलं जे सापडेल ते देवळासमोर आणून ठेवा, असं पोलीस पाटलाने घरोघर सांगितलं होतं.

बाबलीने कमळ ओळखलं, आणि फळ्या घरी नेल्या. होडी फुटली म्हणून माणसं बुडालीच असं कुठे आहे, असं स्वतःला समजावत त्याने रंग तासला आणि दार बसवलं.

दुसऱ्या दिवशी गुरुदासाची बायको शेवंती किनारा धुंडाळत आली.

"दादा, तुका काय गावला काय?"

"नाय गो," बाबली म्हणाला.

एकदा नाही म्हटलं ते म्हटलं. मग रोज ते मागे घेणं आदल्या दिवसापेक्षा अवघड होत गेलं.

गोव्यात तेव्हा पोर्तुगीज होते. भरकटलेल्या होड्या त्यांनी धरल्यात, माणसं तुरुंगात घातलीत, अशी कुणीतरी उडती बातमी आणली. शेवंतीने ती घट्ट धरली. वादळात गेलेल्यांच्या घरी सरकारी मदत मिळत होती, ती घ्यायला ती गेली नाही. "जित्या घोवाचे पैसे खावचे काय?" म्हणाली. रस्त्याच्या कामावर खडी फोडायची आणि येता-जाता बाबलीच्या ओट्यावर, त्याच दाराला पाठ टेकून बसायची. "गोवा सुटलो की ते येतले." आत मथुरा भांडी आदळायची.

एकसष्टच्या डिसेंबरात गोवा सुटला. शेवंतीने नवऱ्यासाठी धोतर घेतलं, दिरासाठी सदरा. तिचं गाठोडं घेऊन बाबली एसटीपर्यंत गेला. वाटेत तो दोनदा थांबला.

"काय सांगूचा आसा, दादा?"

"सांभाळून जा गो."

नवव्या दिवशी ती परतली. धोतराची घडीही मोडली नव्हती. "खंयच त्यांचा नाव नाय," एवढंच ती बोलली.

दुसऱ्या दिवशी भर सकाळी बाबलीने दार उतरवलं, डोक्यावर घेतलं आणि सगळ्या वाडीदेखत तिच्या अंगणात नेऊन ठेवलं. शेवंती वाकली. फळ्यांच्या सांध्यांत निळा रंग तसाच होता. तिने तो नखाने खरवडला.

"कधी गावला?"

"वादळाच्या चवथ्या दिसाक."

"आणि माझा गाठोडा घेवन एसटीर इल्लंस तू."

तिने एक शिवी जरी दिली असती, तरी बाबलीला बरं वाटलं असतं. ती आत गेली. बांगड्या फुटल्याचा आवाज त्याने अंगणात उभ्याने ऐकला.

त्या फळ्यांवरून कचेरीत दोघांची नावं मेलेल्यांत लागली, पण मदतीची मुदत केव्हाच संपली होती. बाबलीने उरलेल्या माडांचे नारळ तिच्याकडे धाडले. ते तसेच परत आले. दार आलं त्या दिवसापासून धरलेल्या तेराव्याला मात्र सगळ्या वाडीबरोबर त्यालाही बोलावणं आलं. तो गेला, पंगतीच्या टोकाला बसला. वाढणारा शेवंतीचा भाऊ त्याला वगळून पुढे सरकला.

"वाढ रे तेका," शेवंती आतून म्हणाली.

भात पानात पडला. पंगत उठली, तरी बाबली घास हातात धरून बसला होता.