पोपट, पाकट आणि माझं पोट

पोपट मोठा की पाकट, हा प्रश्न अकोल्यात सहसा कोणाला पडत नाही. आमच्या घरात तो शाळेमुळे शिरला. विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांना चिठ्ठ्या काढून दोन प्राण्यांची तुलना मांडायची होती, आणि सातवीतल्या आमच्या गौरीला हे दोघे निघाले. पाकट म्हणजे समुद्रातला, भाकरीसारखा चपटा, लांब शेपटीचा मासा. गौरीला प्रदर्शनात पहिल्यांदाच टेबल मिळालं होतं. ती बिचारी चित्रं काढणार होती. मी म्हटलं, चित्रं काय कोणीही काढतं, तुझा बाप खराखुरा पाकट आणेल! (इथपर्यंत मी बाप म्हणून ठीक होतो.)

शेजारच्या राऊतबाईंनी त्यांचा कॉकाटील पोपट पिंजऱ्यासकट द्यायचं कबूल केलं. पाकटासाठी मी रत्नागिरीहून बदलून आलेल्या सहकाऱ्याला गळ घातली. त्याने गावाहून काटा काढलेला, सुकवलेला पाकट आणला. पण तो अगदी जुन्या चपलेसारखा कडक! जरा टवटवीत दिसावा म्हणून प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी तो परातीत गरम पाण्यात घातला, परात ओट्यावर ठेवली आणि ऑफिसला गेलो. गौरीला चकित करायचं होतं, म्हणून घरात कोणाला बोललो नाही.

दुपारी तेल्हाऱ्याहून सासूबाई आल्या. आता आमच्या वऱ्हाडात सुका मासा गरम पाण्यात भिजवायचं कारण एकच असतं.

संध्याकाळी ताटात ज्वारीची भाकर आणि झणझणीत रस्सा आला. मी मागून मागून खाल्ला, वर सासूबाईंच्या हाताची तारीफ केली. हात धुताना सहज विचारलं, ओट्यावरची परात कुठे गेली?

“म्या पाह्यलं भिजू घातलेलं,” सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. “म्हटलं, जवाईले खावाचं मन झालं असन.”

बायकोने आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि माझ्याकडेच पाहत राहिली. गौरीला सगळं कळलं तेव्हा ती हुंदके देऊन रडली. मला इतकी लाज वाटली की आलेला ढेकरही गिळला.

दुसऱ्या दिवशी गौरीने टेबलाच्या एका बाजूला पिंजरा ठेवला आणि दुसऱ्या बाजूला खुर्चीवर मला बसवलं. परीक्षक बाईंनी विचारलं, पाकट कुठे आहे?

“हे माहे पप्पा. यायच्या पोटात हाये,” गौरी म्हणाली. “पोपट पेरू खाते, मॅडम. पाकट पप्पानं खाल्ला.”

तिला बक्षीस मिळालं. पोरं दिवसभर रांग लावून माझं पोट बघत होती, बिचाऱ्या पोपटाकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही!