न पडलेल्या खड्ड्यांचे दोन पॅच

“दोन पॅच हवेत, पीटर. नॉर्थ एंडला, काचेजवळ. गुरुवारी दुपारच्या आत,” बापटसाहेब म्हणाले.

“खड्डा कुठे पडलाय?” मी विचारलं.

“ते मला काय ठाऊक? क्लायंटने लिहिलंय. आणि फिगर्सही मागितल्यात.”

“कसल्या फिगर्स?”

“अहो, रिंकच्या असणार! टेंपरेचर, ह्युमिडिटी, बर्फाची जाडी. एक्सेलमध्ये टाका, मी प्रिंट काढतो.”

मस्कतमधल्या एका मॉलच्या आइस रिंकवर मी गेली एकोणीस वर्षं बर्फ सांभाळतो. मूळचा वसईचा. शिक्षण रेफ्रिजरेशनचं. गावी कोणाला सांगितलं की ओमानमध्ये बर्फाचं काम करतो, तर लोकांना वाटतं मी बर्फाचे गोळे विकतो. काम साधं आहे. काँक्रीटच्या खाली पाइप, पाइपात चिलरने थंड केलेलं द्रव, वर दीड इंच बर्फ. बाहेर पंचेचाळीस डिग्री असो, की समुद्राकडून ओलसर वारा येऊन छताला थेंब धरोत, तो दीड इंच टिकवायचा. दर दोन तासांनी आइस मशीन फिरवायचं. ते वरचा खरवडलेला थर काढतं आणि गरम पाण्याचा हात मारतं. पाणी गोठलं की पाटी पुन्हा कोरी.

आता पॅच. स्केट्स आपटून बर्फाला खड्डा पडतो. मग बर्फाचा चुरा पाण्यात कालवून त्यात ठासायचा आणि वरून घासून सपाट करायचा. आमच्या धंद्यात याला पॅच म्हणतात. मुलांना खेळायला ठीक असतो. पण तो पांढरट दिसतो आणि बाजूच्या बर्फाइतका टणक कधीच होत नाही.

बापटसाहेब पुण्याचे, वयाने माझ्याहून बरेच लहान, मॉलचे ऑपरेशन्स मॅनेजर. माणूस वाईट नाही. पण आलेली ईमेल पूर्ण वाचायची नाही आणि त्यातलं एक वाक्य कापून व्हॉट्सअॅपवर फेकायचं, ही त्यांची पद्धत. शुक्रवारी सकाळी दहाला मुलांची स्केटिंग स्पर्धा होती. मॉलचे मालक, म्हणजे अर्बाब, स्वतः येणार होते. उद्घाटनाला कोणी युरोपियन आजीबाई होत्या. लहानपणी, म्हणजे पन्नासच्या दशकात, त्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये फिगर स्केटिंग करून आलेल्या. आता मुलीकडे मस्कतला राहत होत्या. ईमेल त्यांच्याकडूनच आली होती.

मी आणि सदानंद, आम्ही दोघांनी नॉर्थ एंडचा बर्फ इंच इंच तपासला. सदानंद कुडाळचा. आइस मशीन तोच चालवतो.

“अरे, खड्डो खंय आसा?” तो वैतागून म्हणाला. “खड्डो नाय तर पॅच मारूचो खंय?”

मी बापटांना फोन लावला. खड्डा नाही म्हणून सांगितलं.

“अहो पीटर, क्लायंटला दोन पॅच हवेत, तर दोन द्या. तिथे वाद कशाला घालायचा?”

“सर, चांगल्या बर्फाला पॅच कोण मागतं?”

“ऑलिंपिकवाली बाई आहे. तिला तुमच्यापेक्षा जास्त कळत असेल.”

मी फोन ठेवला. मला राग आला की मी काम फार चांगलं करतो. हा माझा जुना दोष आहे. गुरुवारी सकाळी छिन्नी घेतली, धडधाकट बर्फ हातभर लांब, हातभर रुंद असा दोन ठिकाणी फोडला आणि त्यात चुरा ठासून असे दोन पॅच मारले की धंद्यातल्या कोणीही कौतुक करावं. फिगर्सचा तक्ता बनवला. दर तासाचं टेंपरेचर, दोन दशांश स्थळांपर्यंत.

दुपारी चारला आजीबाई बर्फ बघायला आल्या. वय पंच्याऐंशीच्या पुढे. हातात काठी, पाठ ताठ. बरोबर दहा वर्षांची नात, लेना. तीही स्पर्धेत होती. बापटांनी हसत हसत प्रिंट पुढे केला.

“मॅडम, युअर फिगर्स.”

आजीबाईंनी चष्मा लावून तो कागद सावकाश वाचला. “उणे चार पूर्णांक दोन पाच. उत्तम,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “आणि माझे पॅच?”

बापटांनी माझ्याकडे बोट केलं. मी बर्फाकडे केलं. आजीबाई काचेला नाक लावून बघत राहिल्या. मग मागे वळल्या.

“या चांगल्या बर्फाला कोणी दुखापत केली?”

बापट छताकडे बघायला लागले. शेवटी मीच म्हणालो, “मी. तुम्ही पॅच मागितले होते.”

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी काठी लेनाकडे दिली, काचेवर धरलेल्या ओलीवर बोट टेकवलं आणि एक गोल काढला. त्याला चिकटून दुसरा. इंग्रजी आठ. आपला मराठी नव्हे, तो अर्धाच असतो.

“ही फिगर,” त्या म्हणाल्या. “आणि ती काढायला प्रत्येकीला बर्फाचा जो कोरा तुकडा मिळायचा, त्याला आम्ही पॅच म्हणायचो.”

“हो तर आरटीओचो आठ!” मागून सदानंद म्हणाला.

अगदी तसाच. लायसन्ससाठी बाइकवर काढतात तो. फक्त इथे एका पायावर. त्या काळी, आजीबाईंनी सांगितलं, टीव्हीवर दिसतात त्या उड्या आणि गिरक्या नंतर. आधी दोन दोन दिवस नुसत्या फिगर्स. एका पायावर एक गोल, पाय बदलून दुसरा, आणि तोच आठ तीन वेळा, त्याच रेघेवर. निम्म्याहून जास्त गुण यालाच. बाई किती सुंदर दिसते, हात कसे हलवते, याच्याशी काही देणंघेणं नाही. ती बाजूला झाली की जज मंडळी ओव्हरकोट सावरत बर्फावर गुडघे टेकायची आणि रेघा बघायची. तीन रेघांत अंतर किती, कुठे हलल्या. गुण बर्फावरच्या रेघांना. नव्वदच्या सुमारास हा प्रकार बंद झाला, कारण बघणाऱ्यांना कंटाळा यायचा.

मी बापटांकडे बघितलं. त्यांनी मोबाइल काढून पूर्ण ईमेल आत्ता कुठे वाचायला घेतली होती. कपाळावर आठ्या.

“फोटो नाही का एखादा?” मी आजीबाईंना विचारलं.

“माझे आहेत. फिगर्सचे नाहीत. पांढऱ्यावर पांढरी रेघ, फोटोत येत नाही. आणि थोड्या वेळात सगळं पुसलं जायचं.” मग त्यांनी कमरेवर हात ठेवला. “पुढच्या महिन्यात या कमरेचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, नंतर स्केट्स नाहीत. मी काय करायचे हे माझ्या घरात कोणी बघितलेलं नाही. लेनाने एकदा बघावं, एवढंच. दोन आठ. म्हणून दोन पॅच.”

त्या बाईची शेवटची पाटी मी स्वतः छिन्नीने फोडून ठेवली होती.

दुसरी बाजू देता आली असती, पण साउथ एंडला बर्फाच्या खाली एका जाहिरातीचं भलंमोठं लाल चित्र रंगवलेलं. त्यावर रेघ दिसणार नाही. खरा बर्फ पुन्हा करायला संध्याकाळचं पब्लिक सेशन बंद करा म्हटलं, तर बापट म्हणाले, इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची, वीकेंडची सुरुवात आहे, अशक्य. सेशन संपलं की मॉलला कुलूप. मग उरली शुक्रवारची सकाळ.

पहाटे घरून, माबेलाहून निघालो. हायवे रिकामा. पाच वाजता आम्ही दोघांनी पॅचमधला चुरा उकरून काढला आणि पाणी भरायला लागलो. खरा बर्फ एकदम होत नाही. बादली ओतली तर वरून गोठतं आणि पोटात पाणी राहतं. चहाच्या बशीत घालतो तेवढंच पाणी, ते गोठेपर्यंत अर्धा तास थांबायचं, मग पुढचा थर. असे दहा थर. पाच तास. दहाला कार्यक्रम. हिशेब बरोबर जमत होता, म्हणजे एका मिनिटाचीही चूक चालणार नव्हती.

आठ वाजता डेकोरेशनवाले आले. मी चहा आणायला गेलो, परत येतो तर दुसऱ्या पॅचच्या डोक्यावर दोन मोठे दिवे पेटवलेले. खाली पाण्याचं डबकं.

“हे कोणी लावले?”

“अर्बाबच्या फोटोसाठी,” बापट म्हणाले. “लाइट चांगला यायला हवा.”

“साहेब, इथे मी बर्फ करतोय!”

“मग दुसरीकडे करा ना.”

मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. रविवारी फादरना सांगितलं. दिवे हलवले, पण तो पॅच गेला तो गेलाच. त्याच्याभोवती रस्त्यावर लावतात तसले नारिंगी कोन लावून टाकले. उरला एक. एक पॅच, एक आठ.

नऊ चाळीसला बापट पुन्हा आले. “यल्ला, चला पीटर, खलास करा. अर्बाब पार्किंगमध्ये पोचलेत.”

“एक थर राहिलाय. वीस मिनिटं द्या.”

“वीस मिनिटं कुठून आणू? तो एक थर कोणाला दिसणार आहे?”

मी सदानंदला मशीन फिरवायला सांगितलं. उरलेली कसर मशीनच्या पाण्याने भरून निघेल, इन्शाल्ला. एकोणीस वर्षांत मी हा शब्द स्वतःहून क्वचितच वापरला असेल. समोरचा म्हणतो तेव्हा तर मला तो मुळीच आवडत नाही.

आजीबाई काळ्या स्वेटरमध्ये, जुन्या पांढऱ्या स्केट्सवर आल्या. काठी कठड्याला टेकवली. अनाउन्सरने “ऑलिंपियन!” म्हणून आरोळी दिली आणि साउंडवाल्याने ढणढण म्युझिक सुरू केलं. त्यांनी हात वर केला. कोणाला कळलंच नाही. स्केटची धार रेघेवर आहे की नाही हे आवाजावरून कळतं, म्हणून म्युझिक नको, हेही ईमेलमध्ये होतं. सदानंद शांतपणे गेला आणि त्याने स्पीकरची वायर उपटली.

मग जे काही झालं ते फार हळू झालं. एका पायावर एक गोल. मध्यावर पाय बदलला, दुसरा गोल. हात कमरेपासून थोडे बाजूला, नजर पुढे. करकर असा बारीक आवाज, बाकी काही नाही. पुन्हा तेच. पुन्हा तेच. लोक मोबाइल बघायला लागले.

“हे एवढंच?” बापट माझ्या कानात कुजबुजले. “गोल गोल फिरायचं?”

तिसरा फेरा संपला. आजीबाई धापा टाकत कठड्याशी आल्या, घट्ट धरून उभ्या राहिल्या.

“मला वाकता येत नाही,” त्या मला म्हणाल्या. “तुम्ही जज व्हा. लेना, तूही जा.”

मी बर्फावर गुडघे टेकले. पॅन्ट ओली झाली. लेना शेजारी. आम्ही दोघं पहिल्या गोलावरून रांगत निघालो. तीन रेघा होत्या, पण कुठे कुठे एकच वाटावी अशा. करंगळीसुद्धा मध्ये बसणार नाही. एकोणीस वर्षं हा बर्फ मी करतो. हजारो माणसं त्यावर पडली, नाचली. आज पहिल्यांदा कोणीतरी बर्फाकडे बघायला सांगितलं होतं.

दुसऱ्या गोलात एका जागी तिन्ही रेघा फाटल्या होत्या. चांगल्या दोन बोटं. जागा मी ओळखली. माझ्या पॅचची कड. न भरलेला दहावा थर.

लेनाने वर बघितलं. “ग्रॅनी, इथे चुकलंय.”

मी उठलो. सांगायची लाज वाटत होती, पण सांगितलं. “मॅडम, ही चूक तुमची नाही. बर्फ तिथे केसभर खाली आहे. एक थर राहिला. माझ्यामुळे.”

त्या हसल्या. “ऑलिंपिकमध्येही माझी एक रेघ अशीच फाटली होती. मी जजना म्हणाले, बर्फ खराब आहे. खरंच होता. ते म्हणाले, बर्फ कोणी केला ते आम्ही विचारत नाही, आम्ही रेघ बघतो.” मग लेनाला म्हणाल्या, “बाकीचा कसा आहे?”

लेना परत खाली वाकली. पहिल्या गोलावरून बोट फिरवत गेली, पूर्ण, एकदा. मग उठून आली आणि तिने आजीच्या कमरेला मिठी मारली. ऑपरेशनच्या बाजूने नव्हे, दुसऱ्या बाजूने.

“मशीन फिरवा!” बापट ओरडले. “मुलं थांबलीत!”

सदानंदला उतरवून मशीनवर मी बसलो. साउथ एंड दोनदा केला, कडा केल्या, मधला पट्टा केला. बापट हातवारे करत होते. शेवटी तो आठ तेवढा उरला. आजीबाई कठड्यावरून बघत होत्या. त्यांनी मान हलवली, मग मी त्यावरून मशीन नेलं. वाईट वाटलं. काम होतं, केलं.

अर्बाबचा फोटो छान आला म्हणे. ऑपरेशनही चांगलं झालं. आजीबाई आता कधीतरी लेनाला सोडायला येतात, बाकावर बसतात आणि माझा बर्फ नीट बघतात. काही खुपलं तर बोट दाखवतात.

यातून मी शिकलो ते एवढंच, की साहेबाने पाठवलेलं वाक्य पूर्ण ईमेल मागितल्याशिवाय हातात घ्यायचं नाही आणि दहावा थर सोडायचा नाही, मग पार्किंगमध्ये कोणीही येवो. सदानंदने याचं आणखी सोपं केलंय. बापटांचा मेसेज आला, त्यात पॅच शब्द दिसला, की छिन्नीला हात लावायच्या आधी तो थेट त्यांनाच फोन लावतो.

“साहेब,” तो विचारतो, “खड्डो की आठ?”