राजवाड्याचे दगड कोणी नेले

पेणहून रोह्याकडे जाताना डाव्या हाताला जो गड दिसतो, त्यावर राजवाडा होता. तज्ज्ञ तसं म्हणत नाहीत. गेल्या वर्षी पाहणीला आलेल्यांनी 'बहुधा धान्यकोठार' असा शेरा मारला आणि संरक्षित स्मारकांच्या यादीतून गड वगळला गेला. त्यांना तरी काय बोलायचं? वर उरलंय पाण्याचं एक जोडटाकं, खांबांच्या खळग्यांची रांग आणि न्हाणीघराची दगडी मोरी. कमळं कोरलेला उंबरा, पायऱ्या, जोत्याचे घडीव थर, काहीच जागेवर नाही. या मुलखातला राजा गडावर नुसता लढायला चढत नसे, तिथे संसार मांडून राहत असे, हे सांगणारी तेवढीच एक जागा होती.

ते दगड कुठे गेले हे मी चाळीस वर्षांपूर्वी एका पुस्तिकेत लिहिलं: 'राजवाड्याचे दगड खारपाटातल्या लोकांनी वाहून नेले.' खारपाट म्हणजे गडाखालची, बांध घालून खाडीपासून राखलेली खारी जमीन. मी शिक्षक, त्यामुळे कोणी शंका घेतली नाही. यंदा गड साफ करणाऱ्या मंडळींनी पायथ्याला फलक लावला, त्यावर हेच वाक्य आलं. अनावरणाला मलाच बोलावलं.

फलकावरचा कपडा बाजूला झाला तसा गर्दीतून एक म्हातारा पुढे आला. खाडीकाठच्या गावातला, मिठागरात जन्म काढलेला, माझ्याच वयाचा.

"गुरुजी, ही चोरी आमच्यावर घातलीत व्हय?"

"गावाचं नाव कुठे घातलंय?" मी म्हणालो.

"खारपाटातले म्हंजे काय अमेरिकेतले?"

लोक हसले. तो हसला नाही.

"गडाचा दगुड बांधाला लावायचा नाय, ही आमची रीत हाय. लावला तर पयल्या उधाणाला बांध जातो. घरालापन लावीत नाय. तुमाला ठावं नव्हतं?"

मला ठाऊक होतं. लहानपणापासून ठाऊक होतं.

"मग दगुड गेले कुठं? मी सांगू, का तुमी सांगता?"

तेवढ्यात कोणीतरी चहा आणला आणि विषय मिटला.

सांगायचं ते असं. खारपाटातली जमीन आमची, ती कसणारी कुळं या म्हाताऱ्याच्याच गावची. वडिलांना रामवाडीत घर बांधायचं होतं आणि घडवलेला दगड गडावर आयता होता. बांधाचं काम संपलं की ते कुळांना वर पाठवत. माणसं रीत मोडायला तयार नव्हती. वडील म्हणाले, "रीत मोठी का जमीन मोठी?" मग ती चढली. या म्हाताऱ्याचा बाप त्यांत होता. उंबरा गाडीतून उतरवताना कमळाची एक पाकळी फुटली, तेव्हा वडिलांनी त्यालाच शिव्या दिल्या. मी समोर उभा होतो.

दगड त्या लोकांनी वाहून नेले, हे खरंच आहे. कोणी न्यायला लावले आणि कोणासाठी, एवढंच मी लिहिलं नाही. पुढे ते घर मी विकलं. यंत्राने ते पाडलं, राजवाडा भरावात गेला. तेव्हाही मी उंबरा तेवढा बाजूला काढून ठेवा असं म्हटलं नाही. तो सापडला असता तर कुठून आला, हे सांगावं लागलं असतं.

फलक लावणाऱ्या मंडळींना मी पत्र दिलं. "फलक आत्ताच लावलाय, पुढे बघू," असं उत्तर आलं. म्हणून बांधाच्या दिवशी मी त्या गावी गेलो. उधाणाने बांधाला पडलेली खांड बुजवायला त्या दिवशी घरटी एक माणूस येतो, म्हणजे सगळं गाव एका जागी सापडतं. चिखलात उभा राहून मी वडिलांचं सांगितलं, माझंही सांगितलं.

कोणी ओरडलं नाही. एका बाईने शेजारणीला विचारलं, "आता सांगतोय गो? ऐकणारे मेल्यावर?"

म्हातारा म्हणाला, "फळ्यावर लिवा, गुरुजी. हितं आमाला आदीच ठावं हाय."

मग काम सुरू झालं. चिखलाचे गोळे हातोहात पुढे जाऊ लागले. मीही रांगेत उभा राहून हात पुढे केले. माझ्या अलीकडच्या माणसाने वाकून गोळा माझ्या पलीकडच्याच्या हातात दिला. दुसराही तसाच दिला. तिसऱ्यानंतर मी हात खाली घेतले आणि रांगेतून बाहेर आलो.