सिंकखालचा पाइप

आमच्या नंदूच्या अमेरिकेतल्या गावी थंडी अशी, की दारात शिंकलो तर शिंक पायरीवर गोठून पडते आणि केरसुणीने लोटावी लागते.

"बाबा, या जानेवारीत यायचंच," असं त्याने इतक्या मायेने सांगितलं, की मी सोसायटीभर पेढे वाटले. आम्ही पोचलो आणि तिसऱ्याच दिवशी नंदू, सूनबाई आणि नातू कुठल्याशा उबदार समुद्रकिनारी सुट्टीला निघून गेले. रिकामं घर गार पडलं की पाण्याचे पाइप गोठून फुटतात, म्हणून घरात माणूस लागतं. ते माणूस म्हणजे आम्ही दोघं.

आता मी स्वयंपाकघरात बसून नळाकडे बघतो. त्याची धार दोऱ्याएवढी चालू ठेवायची, म्हणजे पाणी गोठत नाही. सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवायची, म्हणजे पाइपाला ऊब लागते. एवढी बडदास्त माझी लग्नात नवरदेव असतानाही कोणी ठेवली नव्हती. थोडं थोडं वाहत राहिलं की गोठत नाही, हे आमच्या नंदूला पाण्याच्या बाबतीत अगदी नेमकं कळलंय.

आज त्याचा व्हिडिओ कॉल येणार होता. हिने सकाळीच केस विंचरले, ठेवणीतली साडी नेसली.

"बाबा, फोन जरा सिंकखाली धरा."

मी गुडघे टेकून धरला. त्याने पाइप डावीउजवीकडून निरखून पाहिला.

"आई इथेच उभी आहे रे," मी म्हणालो.

"हो, तिला सांगा, दारं लावू नकोस म्हणून. चला, ठेवतो."

ही पदर खोचून वाकली आणि कपाटाचं दार आणखी थोडं उघडलं.